प्रीमेड: बायॉलॉजीचे नेमके कुठले कोर्स घ्यायचे? (एमकॅट, यूएस)

अबोली_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी. लेक इथेच न्यू जर्सीत स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, फ्रेशमन (पहिलं) इयर संपत आलंय, सोफोमोरचं (दुसऱ्या वर्षाचं) रजिस्ट्रेशन उघडतंय आणि घरात रोज त्याच विषयावर जुंपतेय. एपी बायोला (हायस्कूलमधला कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स) पाचपैकी ५ होते, कॉलेजने क्रेडिट दिलं, त्यामुळे जनरल बायोचे दोन्ही सेमिस्टर माफ. जेनकेम (जनरल केमिस्ट्री) झालं, ऑर्गो (ऑर्गॅनिक केमिस्ट्री) फॉलला. फिजिक्स अजून काहीच नाही. प्रश्न बायोचा आहे. ती म्हणते अ‍ॅनाटॉमी घेते, मैत्रिणी घेतायत आणि डॉक्टर व्हायचं तर अ‍ॅनाटॉमी नको का? मला वाटतं जेनेटिक्स. नवरा म्हणतो मायक्रोबायॉलॉजी, का ते विचारलं तर म्हणे कोव्हिडनंतर त्याला मागणी आहे. तो आयटीत, मी अकाउंट्समध्ये, आमचं दोघांचं जीवशास्त्र अकरावीच्या बेडकापाशी थांबलंय. कॉलेजची अ‍ॅडव्हायझर म्हणाली, सगळेच चांगले आहेत, तुला आवडेल ते घे. एवढं ऐकायला तीन आठवडे अपॉइंटमेंटची वाट बघितली! एमकॅटला (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) नेमका कशाचा उपयोग होतो, कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

निवांत
अ‍ॅनाटॉमी नको. मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षी करायचीच आहे. बायोकेम घ्या. संपला धागा.

अबोली_न्यूजर्सी
अहो पण बायोकेमला ऑर्गो प्रीरेक्विझिट आहे ना? फॉलला ती ऑर्गो १ मध्येच असणार.

निवांत
मग ज्युनियर (तिसऱ्या) इयरला घ्या. पण घ्याच.

गवती_चहा
मी ओहायोत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट. हा प्रश्न ओळखीतल्या प्रत्येक कॉलेजवाल्या पोराकडून येतो त्यामुळे सविस्तर लिहिते, नंतर लिंक देता येईल.

आधी परीक्षा कशी आहे ते बघा, कारण बरेच आईबाबा (आणि पोरंही) ती न बघताच कोर्स निवडतात. सध्याचा एमकॅट २०१५ पासूनचा. चार सेक्शन, प्रत्येकाला ११८ ते १३२, म्हणजे एकूण ४७२ ते ५२८. मेडिकल स्कूलला प्रत्यक्ष अ‍ॅडमिशन मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. बायोचा म्हणून जो सेक्शन आहे त्यात ५९ प्रश्न, ९५ मिनिटं. त्यातले ४४ प्रश्न दहा उताऱ्यांवर, फक्त १५ सुटे. विषयवार बघितलं तर ६५ टक्के इंट्रो बायॉलॉजी, २५ टक्के पहिल्या सेमिस्टरचं बायोकेम, उरलेल्यात जेनकेम आणि ऑर्गो. आणि हेच बायोकेम केमिस्ट्री-फिजिक्सच्या सेक्शनमध्ये पुन्हा २५ टक्के. निवांत यांनी एका ओळीत निकाल लावला पण मुद्दा बरोबर आहे, एक सेमिस्टर बायोकेम दोन सेक्शनमध्ये कामाला येतं, दोन्हीकडे इतकं वजन असलेला दुसरा कोर्स नाही.

आता इंट्रो बायॉलॉजी म्हणजे एपीत झालं तेच का, तर टॉपिक बरेचसे तेच, पण विचारण्याची पद्धत वेगळी. उतारा असा असतो: एका प्रोटीनमधला अमुक जागेवरचा सेरीन (एक अमिनो अ‍ॅसिड) काढून तिथे अ‍ॅलॅनीन (दुसरं) घातला, खाली वेस्टर्न ब्लॉटचं (प्रोटीन ओळखायच्या चाचणीचं) चित्र, एक ग्राफ, आणि प्रश्न की सिग्नल पुढे का गेला नाही. उताऱ्यात उत्तर लिहिलेलं नसतं. सेरीनला ओएच असतो, काइनेज हे एन्झाइम फॉस्फेट तिथेच बसवतं, अ‍ॅलॅनीनला तो ओएच नाही म्हणून फॉस्फेट बसायला जागाच नाही, हे तुमच्या डोक्यातून यायला हवं. पुढचा प्रश्न लगेच, तिथे अ‍ॅस्पार्टेट घातला असता तर? त्याच्यावर मुळातच निगेटिव्ह चार्ज, त्यामुळे अनेकदा प्रोटीन कायम फॉस्फेट बसल्यासारखंच वागतं. हे जिला जमलं तिला सेल बायो, बायोकेम आणि प्रयोगाचा अर्थ लावणं तिन्ही आलं. पाठांतर लागतं, नाही असं नाही, वीसच्या वीस अमिनो अ‍ॅसिड नाव, तीन अक्षरी, एक अक्षरी, स्ट्रक्चर सकट झोपेत विचारलं तरी यायला हवीत, पण ती फक्त सुरुवात.

म्हणून माझी पसंती: बायोकेम तर आहेच. त्यानंतर फिजिऑलॉजी. लेकीला अ‍ॅनाटॉमी हवीय ना, तिला सांगा की परीक्षेत हाडांची नावं कोणी विचारत नाही, किडनी काय करते ते विचारतात. उदाहरण देते. डायबेटिसमध्ये लघवीतून साखर का जाते? किडनीत ग्लुकोज परत ओढून घेणारे ट्रान्सपोर्टर असतात, रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ते भरून जातात, जास्तीची साखर लघवीत उतरते आणि ऑस्मोसिसने पाणी सोबत खेचते, म्हणून पेशंटला सारखी लघवी आणि तहान. आता हे ट्रान्सपोर्टर भरून जाणं आणि बायोकेममधला एन्झाइमचा व्हीमॅक्स (कमाल वेग), गोष्ट एकच. फिजिऑलॉजी नीट शिकवणारा प्रोफेसर असेल तर हे धागे आपोआप जुळतात. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी असा जोडकोर्स असतो, तो अनेकदा नर्सिंगच्या मुलांसाठी बेतलेला असतो, वाईट नाही, पण शक्य असेल तर बायो डिपार्टमेंटची नुसती फिजिऑलॉजी घ्या.

तिसरं, सेल बायो किंवा मॉलिक्युलर बायो. जेनेटिक्स चौथं. अबोलीताई, जेनेटिक्स वाया नाही जात, फक्त पूर्ण सेमिस्टर ड्रॉसोफिला माशीची क्रॉसेस करण्यात गेलं तर एमकॅटसाठी त्यातलं थोडंच लागतं. मायक्रो आणि इम्युनॉलॉजी छान विषय, मेडिकल स्कूलमध्ये फार उपयोगी, परीक्षेपुरतं व्हायरस, बॅक्टेरिया आणि अँटिबॉडीचं इंट्रोइतकंच ज्ञान पुरतं. इकॉलॉजी आणि बॉटनी परीक्षेसाठी म्हणून घेऊ नका, आवडीसाठी जरूर घ्या.

एपीबद्दल एक महत्त्वाचं. कॉलेजने क्रेडिट दिलं म्हणजे मेडिकल स्कूल मानेलच असं नाही. काही स्कूल एपी सरळ चालवून घेतात, काही अजिबात नाही, आणि बरीच म्हणतात की एपी असेल तर त्याच्या जागी वरच्या लेव्हलचे बायोचे कोर्स दाखवा. जुना हिशेब एक वर्ष बायो लॅबसकट असा असतो. म्हणजे लेकीला लॅब असलेले वरचे निदान दोन बायो कोर्स लागतीलच. कुठली स्कूल काय मागते ते एएएमसीच्या (एमकॅट घेणारी मेडिकल स्कूलची संघटना) एमएसएआर नावाच्या डेटाबेसमध्ये मिळतं, पैसे भरावे लागतात पण वसूल होतात.

सदाशिव_पेठकर
वाचून चक्कर आली. आमच्याकडे नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ३६० बायोचे, आणि एनसीईआरटी ओळ न् ओळ पाठ असलं की बायोचं काम फत्ते. बारावीनंतर थेट एमबीबीएस. तुमच्याकडे चार वर्षं कॉलेज, त्यात ही परीक्षा, मग चार वर्षं एमडी, मग रेसिडेन्सी. लेकीला इकडे एनआरआय कोट्यातून का नाही पाठवत?

अबोली_न्यूजर्सी
पेठकरकाका, खाजगी कॉलेजात एनआरआय कोट्याची फी ऐकलीय का? आणि इकडे परत यायचं तर यूएसएमएलई (डॉक्टरांची लायसन्स परीक्षा) देऊन मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या) रांगेत उभं राहायचंच. शिवाय ती घरापासून पंचेचाळीस मिनिटांवर आहे ते मला बरंय :)

गवती_चहा
काका, एक फायदा मात्र इकडे आहे, एमकॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटमध्ये चुकलं की एक मार्क जातो, इथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अर्धीमुर्धी
हाय, मी यांच्यापेक्षा लहान आहे, एमकॅट या जानेवारीत दिली, माझं मराठी गोड मानून घ्या, आईने ही लिंक पाठवली. गवती ताईंचं सगळं खरं आहे पण एक गोष्ट राहिली. सायक-सोश!! चौथा सेक्शन. ५९ प्रश्न, बायोइतकेच मार्क, आणि त्यात बायो फक्त ५ टक्के, बाकी ६५ टक्के सायकॉलॉजी आणि ३० टक्के सोशिऑलॉजी. आमच्या आईबाबांच्या ग्रुपमध्ये ह्याचं नाव कोणी काढत नाही, सगळे बायो बायो करतात. सायक १०१ आणि सोश १०१ दोन्ही घ्या, रीडिंग जास्त असतं पण ए मिळवणं ऑर्गोपेक्षा खूप सोपं. मला सगळ्यात जास्त स्कोअर त्याच सेक्शनला आला, बायोला नाही.

दुसरं म्हणजे कॅलक्युलेटर नसतो. पीरिऑडिक टेबल देतात पण कॅलक्युलेटर नाही. त्यामुळे हार्डी-वाइनबर्गसारखे (लोकांमध्ये एखादा जीन किती पसरलाय याचे) प्रश्न मनात करायची सवय पाहिजे. समजा एखादा रिसेसिव्ह आजार १०,००० मध्ये एकाला होतो. क्यू म्हणजे सदोष जीनचं प्रमाण, पी म्हणजे चांगल्याचं. म्हणजे क्यू स्क्वेअर एक दशहजारांश, त्याचं स्क्वेअर रूट काढलं की क्यू १०० मध्ये एक, पी जवळजवळ १, मग कॅरिअर म्हणजे दोन पी क्यू, साधारण ५० मध्ये एक. दहा सेकंदांत. जेनेटिक्सच्या क्लासमध्ये आम्ही हे कॅलक्युलेटरवर चार डेसिमलपर्यंत करायचो, परीक्षेत त्याचा काही फायदा नाही.

आणि प्लीज तिला ऑर्गो, फिजिऑलॉजी आणि सेल बायो एकाच सेमिस्टरला घ्यायला लावू नका. माझ्या रूममेटने केलं, तिन्ही लॅब, आठवड्यात एक मोकळी संध्याकाळ नव्हती.

कडुलिंब
मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय, थोडा कडू आहे. तुम्ही सगळे कोर्स एमकॅटच्या दृष्टीने निवडताय. माझ्या मुलाने बायो मेजर केलं, एमकॅटला लागणारे सगळे कोर्स शिस्तीत घेतले, आणि सायन्स जीपीए घसरला ३.४ वर. एमकॅट सुंदर. तरी पहिल्या वर्षी एकही अ‍ॅक्सेप्टन्स नाही. दुसऱ्या वर्षी एका डीओ (एमडीला समांतर डॉक्टरी पदवीच्या) स्कूलला लागला, आता मजेत आहे, पण मधलं वर्ष घरात सुतक होतं. एमकॅट पुन्हा देता येते, ट्रान्सक्रिप्ट पुन्हा देता येत नाही. अ‍ॅमकासमध्ये (मेडिकल स्कूलच्या एकत्रित अर्जात) रिपीट केलेल्या कोर्सचे दोन्ही ग्रेड धरतात, जुना सी पुसला जात नाही. तेव्हा एमकॅटचं बायो तीन महिने घरी बसून पुस्तकातून होतं, कोर्स असे घ्या ज्यात मुलगी ए काढेल.

निवांत
बायोकेम तीन महिन्यांत घरी बसून? करून बघा.

कडुलिंब
करतात लोक. खान अकॅडमीचे एमकॅटचे व्हिडिओ एएएमसीच्या सहकार्यानेच बनलेत, फुकट आहेत. यूवर्ल्डचे सरावाचे प्रश्न आहेत, अँकीचे फ्लॅशकार्ड डेक आहेत. कोर्समध्ये प्रोफेसर त्याच्या रिसर्चमधलं शिकवतो, परीक्षेतलं नाही. आमच्याकडे सेल बायोच्या प्रोफेसरने अर्धं सेमिस्टर यीस्टवर घालवलं.

गवती_चहा
कडुलिंबकाका, तुमच्या म्हणण्यात दम आहे आणि जीपीएबद्दल मी शंभर टक्के तुमच्यासोबत. बीसीपीएम म्हणून वेगळा जीपीए काढतात, बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथचा. त्यात सायकॉलॉजी धरत नाहीत, न्यूरोसायन्स धरतात. तेव्हा अर्धीमुर्धी म्हणते तशा सायकच्या ए ने एकूण जीपीए वर येईल, सायन्सचा नाही, हे लक्षात ठेवा.

पण यीस्टबद्दल नाही पटलं. सेल सायकल कशी चालते हे कळलं ते बऱ्याच अंशी यीस्टवरच्या कामातून, २००१ चं नोबेल त्यालाच. ज्या प्रोफेसरने अर्धं सेमिस्टर म्यूटंट यीस्टचे प्रयोग समजावले त्याने एमकॅटचा उतारा वाचायलाच शिकवलं, परीक्षेचं नाव न घेता. मी तर म्हणेन, असा एक तरी कोर्स घ्या जिथे दर आठवड्याला एखादा रिसर्च पेपर वाचून त्यातल्या आकृत्यांवर वाद घालतात. कंट्रोल कुठला, एरर बार एकमेकांवर चढतायत का, लेखकाने काढलेला निष्कर्ष त्या ग्राफमधून खरंच निघतो का. कोर्सचं नाव काय आहे त्याने फरक पडत नाही, जेनेटिक्स असो, न्यूरो असो. तसा कोर्स शोधायचा तर सिलॅबस मागवा, त्यात पेपर्सची यादी आहे की नुसते चॅप्टर नंबर, ते बघा. माझ्या मते हा कॅटलॉगमधल्या नावांपेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि आईबाबा सोडाच, अ‍ॅडव्हायझरही तो विचारत नाहीत.

बायोकेम मात्र क्लासमध्येच घ्या. आता अनेक स्कूल ते मागतात किंवा जोरदार शिफारस करतात, तेव्हा घरी शिकून तो रकाना भरणार नाही. आणि शक्यतो चार वर्षांच्या कॉलेजात. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात उरकून टाकलेल्या मुख्य सायन्स कोर्सकडे काही स्कूल नाक मुरडतात.

टोराँटोकर
कॅनडाची नोंद करून ठेवतो, इथे कोणी शोधत आलं तर. मॅकमास्टर एमकॅटचा फक्त कार्स सेक्शन बघतं, म्हणजे वाचनाचा. बायो, केमचे मार्क त्यांना नकोतच. आमच्या पुतणीने बायो मेजर असून दर सेमिस्टरला एक इतिहास किंवा तत्त्वज्ञानाचा कोर्स घेतला, तिचे बाबा कुरकुरायचे की हे कशाला. कार्सला ५३ प्रश्न, ९० मिनिटं, बाहेरचं ज्ञान शून्य, नुसतं वाचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते सांगा. हा सेक्शन शेवटच्या महिन्यात रट्टा मारून वाढत नाही.

परतीची_वाट
अबोलीताई, खाजगी प्रश्न आहे, इथे उत्तर नका देऊ हवं तर, पण लेकीचं स्टेटस काय आहे? ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असेल तर पुढचं वाचू नका. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर २१ पूर्ण झाल्यावर ते संपतं, एफ-१ वर (स्टुडंट व्हिसा) जावं लागतं, आणि बऱ्याच मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, इंटरनॅशनल स्टुडंटचा अर्ज घेतच नाहीत. आमच्या मोठीला हे ज्युनियर इयरला कळलं. कोर्स सगळे बरोबर घेतले होते, अर्ज करायला स्कूल मूठभर उरल्या. शेवटी पीएचडीकडे वळली. कोर्सच्या आधी ही चौकशी करा म्हणून सांगते, कोणीच सांगत नाही.

अबोली_न्यूजर्सी
बाप रे. नाही, ती इथेच जन्मली, सिटिझन आहे. पण माझ्या भावाची मुलं एच-४ वरच आहेत, आजच फोन करते त्याला. खूप आभार.

बाकी सगळ्यांचं वाचून काढलं, लेकीलाही वाचून दाखवलं (तिला देवनागरी जड जाते). ती म्हणते फिजिऑलॉजीचं लॉजिक पटलं, पण मग अ‍ॅनाटॉमी कधीच नाही का? आणि फिजिक्स कुठे बसवायचं? आणि गॅप इयर (कॉलेज आणि मेडिकल स्कूलच्या मधलं वर्ष) नकोय तिला.

गवती_चहा
मी तिच्या जागी असते तर असं केलं असतं. सोफोमोर फॉल: ऑर्गो १, जेनेटिक्स लॅबसकट, सायक १०१. स्प्रिंग: ऑर्गो २ आणि तिची लॅब, सोबत सेल बायो, सोशिऑलॉजी. स्टॅटिस्टिक्स झालं नसेल तर त्या उन्हाळ्यात, एरर बार समजायला तेच लागतं. ज्युनियर फॉल: बायोकेम, फिजिक्स १. स्प्रिंग: फिजिऑलॉजी, फिजिक्स २. अ‍ॅनाटॉमी सीनियर इयरला, हौस म्हणून, तोवर परीक्षेचं टेन्शन गेलेलं असेल.

अडचण एवढीच की अशाने फिजिक्स मे महिन्यात संपतं, आणि अ‍ॅमकासचा अर्ज मे अखेर-जूनच्या सुरुवातीला सबमिट करायला घेतात. एमकॅट जून अखेरीस दिली तर स्कोअर साधारण महिन्याने, अर्ज चालतो पण घाईत. गॅप इयर नको असेल तर फिजिक्स १ आणि २ सोफोमोर आणि ज्युनियरमधल्या उन्हाळ्यात, स्वतःच्याच कॉलेजात, पाच-सहा आठवड्यांच्या दोन सेशनमध्ये करता येतं. मग स्टॅट दुसरीकडे हलवा. त्या उन्हाळ्यात भारताची ट्रिप मात्र विसरा.

अर्धीमुर्धी
गॅप इयर इतकं वाईट नसतं काकू! माझ्या ओळखीचे निम्म्याहून जास्त घेतायत. मी पण घेतेय, लॅबमध्ये जॉब करतेय.

कडुलिंब
उन्हाळ्यात फिजिक्स दोन्ही? बी आला तर मला सांगू नका.

अबोली_न्यूजर्सी
कडुलिंबकाका :))

ठरलं असं. फॉलला ऑर्गो, जेनेटिक्स, सायक. जेनेटिक्सचे दोन सेक्शन आहेत, लेकीने दोघांचे सिलॅबस मागवले. एकात नुसते चॅप्टर आणि तीन मल्टिपल चॉईस परीक्षा, दुसऱ्यात दर शुक्रवारी पेपर डिस्कशन आणि शेवटी प्रेझेंटेशन. दुसरा सकाळी ८.१० ला आहे म्हणून मैत्रिणी पहिल्यात जातायत, ही दुसऱ्यात नाव घालतेय. उठवायची जबाबदारी माझी नाही हे आधीच सांगितलंय. फिजिक्सचं फॉलचे ग्रेड बघून ठरवू, उन्हाळ्याचं रजिस्ट्रेशन स्प्रिंगमध्येच उघडतं म्हणे. नवऱ्याची मायक्रोबायॉलॉजी तूर्तास बाद.

निवांत
८.१० चा सेक्शन असला तरी लॅबच्या सीट मर्यादित असतात. पोर्टल उघडल्या मिनिटाला नाव घाला, आणि पहिला सेक्शन बॅकअप म्हणून कार्टमध्ये ठेवा.